चढवलेला आवाज

बाबा, काल दादाशी भांडले आणि आज सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय, म्हणून लिहायला बसले.

भांडण तुमच्या भजनावरून झालं. तुमचं एकुलतं एक रेकॉर्डिंग, कोरगावच्या घरी पुढच्या सोप्यावर, ओसरीत बसून केलेलं. डिचोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे आता. ती कॅसेट मीच कॉम्प्युटरवर उतरवली. दादाने ती म्हापशाला कुणाकडे तरी नेऊन आवाज चढवून आणली. देवळाच्या वर्धापनदिनी लावायची आणि गावभर मोबाईलवर पाठवायची, असं कमिटीने ठरवलेलं. "मोबाईलार इतको बारीक आवाज कोण आयकतलो गो? आतां बघ कसो भरून येता," दादा म्हणाला.

मी ऐकलं. तुम्ही सुरुवात किती हळू करायचात! देवळात गप्पा मारत बसलेली माणसं एकमेकांना गप्प करायची, पुढे सरकायची. मग गजराला तुमचा आवाज उठला की अंगावर काटा यायचा. या नव्या फाइलीत सुरुवात आणि गजर ठोकून सपाट केल्यासारखे एकाच आवाजाचे झालेत. सोप्यावरचा पंखासुद्धा तुमच्या बरोबरीने गातोय. लहानपणी मी रेडिओचं बटण पिरगाळलं की तुम्ही माझा हात धरायचात आणि आवाज पुन्हा होता तिथे आणायचात. तेव्हा मला राग यायचा.

काल दादाला आणि कमिटीच्या अध्यक्षांना स्टुडिओत बसवलं. नवीन फाइलीचा आवाज जुनीइतकाच खाली आणला आणि कुठली कोणती ते न सांगता दोन्ही ऐकवल्या. दोघांनीही जुनीच निवडली. अध्यक्ष हसले, म्हणाले हीच लावूया. दादा मात्र चिडला. लोकांना दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवून कोण ऐकवणार आहे, त्यांना मोठीच बरी वाटणार, असं त्याचं म्हणणं. तेही खरं आहे. मोठं ते पहिल्या झटक्यात चांगलं वाटतं, कानाला ती खोडच असते. पण म्हणून मी ते चांगलं म्हणणार नाही.

"बाबांच्या नावाने ही फाइल जाणार नाही," मी म्हटलं. "ज्याला बारीक वाटेल, त्याने आपल्या मोबाईलचा आवाज वाढवावा."

दादा चहा अर्धा टाकून उठून गेला. तुम्ही असतात तर "जाऊं दी गो" म्हणाला असतात. नाही जाऊ देणार, बाबा. तुमच्या सांगण्यावरूनही नाही. तुम्ही हळू गायलात ते विचार करून गायलात, आणि ते तसंच राहील. वर्धापनदिनाला जुनीच लागणार आहे. दादा माझ्याशी बोलत नाही, नाही तर नाही.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आईला हल्ली कमी ऐकू येतं. जुन्या फाइलीत तुमची सुरुवात तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि आवाज वाढवला तर गजराला ती कानांवर हात ठेवते. तिच्या मोबाईलवर मी गेल्याच आठवड्यात दादाचीच फाइल घातलीय. रोज दुपारी जेवण झालं की ती तुम्हाला ऐकते, पंख्यासकट. दादाला मी सांगितलेलं नाही.