डोळ्यावरची चरबी

अंकुशनगर,
१४ डिसेंबर २०२४

चि. अंगद यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. ज्योत्स्नाला आणि पियूलाही सांग. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमची खुशाली कळव, हेही पद्धतीप्रमाणेच. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

पत्र बघून हसशील. पण तुझा नंबर लावला की ती बाई सांगते, आपण ज्यांना फोन करत आहात ते व्यस्त आहेत. महिने महिने माणूस व्यस्त असतं का रे? शेवटी आपल्या मामाच्या सुमितनं सांगितलं की तू मला ब्लॉक केलंस. पत्ताही त्याच्याकडूनच घेतला. एका अर्थी बरंच झालं. फोनवर माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, पत्रात निदान खोडता येतं.

इथं कारखान्याचं ऊसगळीत जोरात चालू आहे. वाळत घातलेले कपडे काढावेत तर त्यावर काजळी. तुझ्या दाजींची कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, त्यामुळे घरात कायम कुणीतरी झोपलेलं असतं आणि बाकीच्यांनी कुजबुजत बोलायचं. आपल्या धावड्याची मिरची यंदा बरी आली. तिथल्या शेजारच्या झुंबरबाईनं पोतंभर पाठवली. तुझ्यासाठी ठेचा करून ठेवलाय, पण पाठवला आणि तू परत लावलास तर माझ्या जिवाला लागेल, म्हणून पाठवला नाही.

आई दिवाळीपासून माझ्याकडे आहे. धावड्याच्या घराला कुलूप घातलं. तिला इथं करमत नाही. भोंगा झाला की दचकते, मळीच्या वासानं नाक मुरडते. पण तिला एकटी ठेवण्यासारखं राहिलं नाही.

आई बारीक झाली आहे अंगद. खरंच सांगते, तू ओळखणार नाहीस. आई दारात उभी राहिली की घरात अंधार पडतो असं अप्पा म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नाही, डौल होता. खात्यापित्या घरची बाई म्हणून मिरवायची. आता तिचं पोलकं खांद्यावरून घसरतं आणि बांगड्या कोपरापर्यंत जातात. आजार नाही. तिनं खाणं सोडलं आहे. तेल, तूप, शेंगदाण्याचं कूट, सगळं बंद. अर्धी भाकरी मिठाशी खाते आणि उठते. मी ताटात भाजी वाढली की वास घेऊन विचारते, "फोडणी दिली का?" दिली म्हटलं की ताट सरकवते.

हे कशानं झालं ते सांगायलाच पत्र लिहायला बसले आणि इतका वेळ मिरचीच्या गप्पा मारल्या.

धावड्यात ती माणसांना ओळखेनाशी झाली होती. झुंबरबाई समोर उभी, आणि ही तिला चांगुणाबाई म्हणते. लोक म्हणायला लागले, तुळजाबाईला आता गरीब माणूस दिसत नाही. चहा कपाच्या बाजूला ओतायची. मोतीबिंदू असेल म्हणून यंदा पावसाळ्यात मी तिला जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू नव्हता. डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. कडेचं दिसतं, मधलं गेलं. ज्याच्याकडे बघावं तोच दिसत नाही.

डॉक्टर तरुण होते, आपल्याच भागातले, समजावून सांगणारे. म्हणाले, पडद्याच्या मधोमध एक पिवळा रंग असतो. आपण ज्यावर नजर रोखतो ते तिथं उमटतं, आणि त्या जागेला उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून तो रंग तिची राखण करतो. तो शरीरात तयार होत नाही, पालेभाजीतून, मक्यातून, अंड्याच्या बलकातून येतो. पण तो चरबीत विरघळणारा. अंगात चरबी जास्त असली की तीच त्याला धरून ठेवते आणि डोळ्याला कमी पोचतो. कालव्याचं पाणी वरचेच ओढून घेतात आणि पार शेवटच्या, टेलच्या वावरात धूळ उडते, तसं. ते हेही म्हणाले की आजींचं एवढ्यानंच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वय आहे, रक्तातूनही येतं. मी मान डोलवत होते. 

बाहेर रिक्षात बसलो तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"अंगद्यानं फोन केल्ता का डॉक्टरला?"

"तो कशाला करंल?"

"मंग त्याला कसं कळलं, माझ्या डोळ्यावर चरबी चढली म्हून?"

आधी मला हसूच आलं. रिक्षावालाही हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, ती खरंच विचारत होती.

तुला आठवण करून द्यायला नको. ज्योत्स्नाला घेऊन आलास तेव्हा तू तिला उंबऱ्यात उभं केलंस आणि आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाली, "त्यांच्यातली हाय ना? पाणी बाहेरच द्या." तू म्हणालास, "आई, तुझ्या डोळ्यावर चरबी चढली. तुला माणूस दिसत न्हाई." आणि ज्योत्स्नाचा हात धरून गेलास. तू चुकलास असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. मी तिच्याशी त्यावरून भांडले, अप्पा भांडले, ती ढिम्म हलली नाही. माज होता तिला, दुसरा शब्द नाही.

पण शब्द माणसाच्या डोक्यात कसा जाऊन बसतो बघ. डॉक्टर शरीरातल्या चरबीविषयी बोलत होते. आईनं ऐकलं की तू म्हणालास ते यंत्रात दिसलं. तिला माणूस दिसत नाही, आणि का दिसत नाही ते डॉक्टरनंही तुझ्याच शब्दांत सांगितलं. त्या दिवसापासून ती चरबी उतरवून राह्यली.

मी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं, डॉक्टरांच्याच तोंडून सांगायला लावलं. ते कळवळून म्हणाले, आजी, वजन असं उपाशी राहून उतरवायचं नसतं, अन् तेल बिलकुल बंद केलं तर भाजीतला तो रंग अंगी लागणारच नाही, थोडं तेल पाहिजेच. आईनं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "त्याला काय ठावं. त्याच्या आईला थोडंच कुणी तसं बोललं."

तिचा हिशोब सरळ आहे. एके दिवशी मला म्हणाली, "दैवशाला, चरबी उतरू दे माझी. मंग अंगदला सांगावा धाड. म्हणावं, आता आईला माणूस दिसतंय, सुनेला घेऊन ये."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की जे गेलं ते परत येत नाही. ती उतरत जाईल, उतरत जाईल, आणि तरी समोरचा चेहरा काही दिसणार नाही. हे तिला सांगायची माझी छाती नाही. अंगद, ती तुझ्यासाठी वाळून चालली आहे, आणि हे फक्त तूच थांबवू शकतोस. मी सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. ज्यानं तो शब्द टाकला त्यानंच तो उचलला पाहिजे.

तू म्हणशील, मी गेलो होतो की. मे महिन्यात अंबडला सुमितच्या लग्नात बायको-लेकीला घेऊन आईसमोर उभा राहिलो, आणि तिनं पुन्हा तोंड फिरवलं. खरं आहे. मी शेजारीच होते. तुम्ही तिघं समोर उभे, तू वाकलास, आणि आईनं मान वळवून मांडवाच्या कनातीकडे बघितलं. ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. तू न जेवता गेलास आणि त्याच दिवशी माझा नंबर बंद केलास. मलाही असा संताप आला होता की परतीच्या एसटीत मी आईशी धड बोलले नाही. तीच बोलत होती.

"सून उंच हाय. साडी मोरपंखी व्हती ना?" मग, "पोरगी अंगदासारखीच एका पायावर जोर देऊन उभी ऱ्हाती." शेवटी तिनं विचारलं, "तोंडावळा कुणाचा घेतला गं पोरीनं?" मला वाटलं, आपल्याकडचा की त्यांच्याकडचा असं खवचटपणे विचारतेय. मी म्हणाले, "समोर व्हती तवा बघायचं व्हतं." ती खिडकीकडे वळून बसली, ती धावडा येईपर्यंत.

साडी मोरपंखीच होती ना अंगद? पियू अशीच उभी राहते ना? मग हे आईला कसं कळलं, तिनं तोंड फिरवलं होतं तर?

हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशी माणसं हळूहळू आपसूक शिकतात. समोर बघितलं की समोरचा माणूस पुसला जातो. मान वळवली की तो कडेनं दिसतो. चेहरा नाही, पण उंची, रंग, उभं राहणं. 

आई तुमच्याकडे बघत होती रे. तिला बघता येत होतं तेवढं सगळं ती बघत होती.

त्या दिवशी ती का बोलली नाही, असं मी आता तिला विचारलं. म्हणाली, "इतक्या सालांनी आलं लेकरू. दिसत न्हाई म्हून कसं सांगू? ऐकलं तर म्हणला आस्ता, बराबर झालं." बाकी माज गेला, एवढाच काय तो राहिला आहे.

अजून एक. डॉक्टरांनी माझाही तो रंग मोजला. एका निळ्या दिव्याकडे बघायचं, त्याचं लुकलुकणं थांबलंसं वाटलं की सांगायचं. माझा कमी भरला. माझं अंग आईवर गेलंय, आणि सुमितच्या लग्नातल्या फोटोत तुझ्या शर्टाची बटणं काय हाल सोसत होती तेही मी बघितलंय. चिडू नकोस. डोळे दाखवून घे, पोट जरा आवर, पालेभाजी खा आणि त्यात चमचाभर तेल असू दे. पियूकडेही लक्ष ठेव. आपल्यात हे रक्तात असेल तर तिच्यातही असेल.

मी तुला माफ कर म्हणणार नाही. ज्योत्स्नाला तर नाहीच. ज्या घरात तिला पाणी बाहेर दिलं तिथं तिनं का यावं, हे तिचं तिनं ठरवावं. आली तर माझ्या घरात ती चुलीपाशी बसेल, आणि हे मी आईच्या देखत सांगितलंय. आई म्हणाली, "तिच्या हातची फोडणी आसंल तर खाईन." आठ दिवस झाले या बोलण्याला, म्हणून आज लिहितेय.

याल तेव्हा एक कर. आईच्या अगदी समोर उभे राहू नका, जरा बाजूला बसा. पियूला तिच्याजवळ बसव, चेहऱ्यावरून हात फिरवू दे. आणि तुमचा आवाज आला की ती मान वळवील, तुमच्याकडे तोंड नाही, भिंतीकडे करील. उठू नका. तेवढा वेळ तरी हलू नका, अंगद. ती बघत असेल.

वाट बघणारी,
तुझी दैवशालाअक्का