मावशीने दाखवलेला कोपरा

सर, तुमचा मुलगा परवा भेटला. तुम्ही गेल्यानंतर तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतोय, मलापण काहीतरी लिहून द्यायला सांगितलं. म्हणून आज बसले, आणि इतक्या वर्षांनीही हातून रागच उतरतो आहे.

कॉलेजात तुम्ही आम्हाला ड्रॉइंग शिकवलंत आणि पास झाल्यावर मला तुमच्याच इंटिरियरच्या ऑफिसात ठेवून घेतलंत. देऊळघाटहून मी रोज सकाळच्या एसटीने बुलढाण्याला यायची. खामगावकडच्या एका डाळमिलची शेड आतून नव्याने करायचं काम आलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नुसत्या भिंती मोजू नको. तिथं बसणाऱ्या बायांशी बोल. जागा त्यांनाच समजते." मला ते इतकं पटलं की आठवडाभर मी त्या शेडमध्येच होते. वर पत्रा तापलेला, डाळीची धूळ नाकातोंडात, आणि बाया मांडी घालून दिवसभर निवडत बसलेल्या. गप्पा, भांडणं, हसणं मात्र अखंड. माझ्याशी कोणी बोलेना. तिसऱ्या दिवशी पिंपळगाव राजाहून येणारी एक मावशी मला गोण्यांच्या थप्पीमागे घेऊन गेली. तिथे एक बुटकी खिडकी होती, पलीकडे कडुनिंब. "इथं वारा लागते, पोरी. कंबर धरली का आमी पाळीपाळीनं पाच मिनिटं टेकतो. कोणाले सांगू नको बरं."

मी फक्त तुम्हाला सांगितलं. नकाशात तिथे मोठी खिडकी काढली, बाक काढला, पाण्याची जागा दाखवली. तुम्ही बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिलात आणि म्हणालात, "शाब्बास. मालकाला मी समजावतो." त्या दिवशी घरी जाताना मला बसायला जागा मिळाली नाही, तरी पाय दुखले नाहीत.

उद्घाटनाला मी नवी साडी नेसून येते. भिंती फिकट हिरव्या, दिवे पांढरे, फरशी लख्ख. गोण्या हलवल्या आहेत. खिडकी विटांनी बुजवली आहे आणि तिथे सुपरवायझरची काचेची केबिन उभी आहे, जिच्यातून प्रत्येक बाईची पाठ दिसते. शेडमध्ये कोणीच बोलत नाही. मी तुम्हाला बाजूला घेते. हातातला पेढा संपवत तुम्ही म्हणता, "मालकाले बाया कुठं गायब होतात तेच समजत नव्हतं. तू बरोबर शोधून देलं. खूश आहे तो तुह्यावर." तेव्हा कळलं, तुम्ही मला कशासाठी पाठवलं होतंत. तुमच्याशी त्या बोलल्या नसत्या.

मावशीने मान वर केली नाही. सुपातली डाळ हलवत एवढंच म्हणाली, "तुले काऊन दाखवलं मी?"

दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्याकडे आले नाही. तुम्ही आजारी पडलात, तेव्हाही नाही. मला लोकांशी बोलायला शिकवणारा माणूस तुम्हीच होतात, म्हणून ते जास्त लागलं. दुसरा कोणी असता तर मी विसरले असते.

हे तुमच्या मुलाला देणार नाही. त्याला दोन गोड ओळी लिहून देईन. कारण हे वाचून तो माझ्या ऑफिसची वेबसाइट उघडेल, आणि माझ्या कामांमध्ये पहिला फोटो त्याच शेडचा आहे. बाया आत यायच्या आधी काढलेला. फार छान आलाय, सर. मला तो तिथून काढून टाकवत नाही.