लेन्का आमच्याकडे मराठी शिकली

७ मे, सकाळ
आज लेन्का येणार. चेक देशातली कॉलेजची मुलगी, उन्हाळाभर मराठी शिकायला. तलासरीच्या एका संस्थेने परदेशी मुलांना घरोघरी ठेवायचे ठरवले आणि पहिले घर निवडले ते आमचे. साहजिक आहे. आगर गावात आयुष्यभर मराठी शिकवलेला दुसरा आहे कोण? (मुख्याध्यापक झालो नाही, ते राजकारणामुळे.)
संकल्प : मुलगी परत जाताना माझ्यासारखी बोलली पाहिजे.
बायकोला ताकीद दिली. लेन्कासमोर तिची वाडवळी बोली बोलायची नाही. शक्यतो बोलायचेच नाही. रंभा म्हणाली, बरं.

७ मे, संध्याकाळ
डहाणू स्टेशनवर हार घेऊन उभा राहिलो, मागे रंभा. लेन्काने हार घेतला आणि रंभाच्या गळ्यात घातला. प्रवासाचा शीण.

१० मे
समास शिकवले. लेन्काने जांभया दिल्या. जेट लॅग. मग म्हणाली, काका, मी ऐकून जास्त शिकते, तुम्ही घरात नेहमी बोलता तसे बोला. समजूतदार मुलगी. आजपासून जेवताना मुद्दाम मोठ्याने बोलणार.

१९ मे
प्रोग्रेस थक्क करणारी. आज जेवताना लेन्का रंभाला म्हणाली, ए, आमटीत मीठ काय तुझा बाप घालणार? उच्चार निर्दोष. 'बाप'वरचा जोर तर थेट माझा. मी टाळ्या वाजवल्या. लेन्का लाजली, खूश झाली. रंभा मीठ ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. कुणाचे कौतुक करायची तिला सवयच नाही.

२४ मे
लेन्काला डहाणूचा बाजार दाखवला. आमचे चिकू घेणारे नवीनशेठ भेटले. लेन्का त्यांना म्हणाली, तुला एक काम धड येत नाही, सरक. शेठ माझ्याकडे बघत राहिले. गुजराती माणूस, मराठी कच्चे.
रिक्षात लेन्काने विचारले, शेठ रागावले का? म्हटले, छे. मग विचारले, काकू तुम्हाला 'अहो' म्हणतात, तुम्ही त्यांना 'ए', असे का? म्हटले, व्याकरण.

२९ मे
तक्रार. लेन्का सकाळी रंभाबरोबर किनाऱ्यावर मासळी आणायला जाते. दोघी हसत येतात, मी ओटीवर दिसलो की हसणे बंद. आज लेन्का बोंबील साफ करताना वाडवळीत काहीतरी बोलली. माझी सगळी मेहनत पाण्यात.
रंभाला तिथल्या तिथे झापले. म्हटले, तुझी गावंढळ जीभ त्या पोरीला लावू नकोस, इतकी वर्षे माझ्याजवळ राहून तू दगडच राहिलीस. रंभा बोंबील धूत राहिली. लेन्का शेजारी बसून ओठ हलवत माझे वाक्य पाठ करत होती. असा विद्यार्थी शाळेत एकही मिळाला नाही.

१२ जून
संस्थेच्या शीतल मॅडम पाहणीला आल्या. तलासरीजवळच्या पाड्यातली कालची पोर. तिच्यासाठी माझ्या अध्यापन पद्धतीवर टिपण तयार ठेवले होते. ती सगळा वेळ स्वयंपाकघरात रंभाशी बोलत बसली. माझ्याबद्दलच फीडबॅक घेत असणार.
रंभाला विचारले, काय बोलणे झाले? म्हणाली, लग्नाआधी मी बालवाडीत शिकवत होते, ते सांगितलं. कमाल आहे. सांगण्यासारखे इतके असताना हे सांगितले.

५ जुलै
तलासरीला समारोप. माझे भाषण वेळेअभावी झाले नाही. चालायचेच.
लेन्का स्टेजवर गेली. माईक खरखरत होता. प्रमुख पाहुणे, एक निवृत्त अधिकारी, शेजारीच बसले होते. लेन्का त्यांना गोड हसून म्हणाली, ए, बसून काय राहिलास? माईक नीट कर. दगड कुठला.
हॉल हसला. शीतल मॅडमनी जवळ जाऊन हळू विचारले, हे कुठे शिकलीस? माईक तेवढ्यात सुधारला होता. लेन्का म्हणाली, काका काकूंशी रोज असंच बोलतात. चुकलं का?
शीतल मॅडमनी कानात काहीतरी सांगितले. लेन्काचा चेहरा पांढरा पडला. ती खाली उतरली, रंभासमोर जमिनीवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, काकू, मी तुम्हालापण असंच बोलले. तुम्ही का नाही सांगितलं?
रंभाने तिचे डोळे पुसले. म्हणाली, मला वाटलं, तुझ्या तोंडून तरी यांना ऐकू जाईल.
याचा अर्थ लागला नाही. माझे कान उत्तम आहेत. गेल्या वर्षीच तपासले.
सगळे माझ्याकडे बघत होते. गुरू म्हणून इतके लक्ष प्रथमच.

८ जुलै
लेन्का गेली. रंभाच्या गळ्यात पडून रडली. मला लांबून नमस्कार.
जेवताना रंभाने सांगितले, शीतल मॅडमनी नव्या बॅचला शिकवायला बोलावले आहे, राहायची सोय तिथेच. परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, पण दिली. आठ दिवसांत कंटाळून येईल.

१६ जुलै
आली नाही. डाळ करपली. गॅसच खराब आहे.

१९ जुलै
रंभाला सरप्राइज द्यायचे ठरवले. एसटीने तलासरी. मला बघून ती भावनावश होईल, म्हणून रुमाल जास्तीचा घेतला.
ती वर्गात फळ्यापाशी उभी होती. पुढे परदेशी मुले. हसत होती सगळी. मी आत गेलो. एका मुलाने विचारले, हे कोण? रंभाने खडू खाली ठेवला. म्हणाली, आगरचे आहेत. ओळखीचे.
चारचौघांत नाते न सांगणे हा तिचा विनय.
मी म्हटले, चल घरी. ती मुलांकडे वळली. म्हणाली, पाहुणे आले की काय म्हणायचं? मुले एका सुरात म्हणाली, आपण बसा. मी बसलो. एका मुलीने पाण्याचा ग्लास दिला, आपण पाणी घ्या. दुसऱ्याने विचारले, आपला प्रवास बरा झाला ना? घरात इतक्या आपुलकीने कुणी विचारल्याचे आठवत नाही. रुमाल काढला.
रंभा म्हणाली, छान. आता पाहुण्यांना निरोप.
सगळी उठून उभी राहिली, हात जोडले, आपण आता निघावं.
'निघावं'वरचा अनुस्वार एकाचाही चुकला नाही. मी निघालो. फाटकापर्यंत मागून आवाज येत होता. ती त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेत होती.