बेचाळीस सेकंदांचा दम

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, पोहण्याचा निवृत्त मास्तर, आज रोजी शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. 'आज रोजी' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर घड्याळ काढायला सांगितले. जन्म सेकंद मोजण्यात गेला, आणि मी सगळे आकडे एकाच बाजूला कोंबून आलो. विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे, असे त्या म्हणाल्या. तेव्हा डोके ठिकाणावर आहे तोवर वाटण्या उरकतो.

कलम १. तलावामागच्या गल्लीतले दोन खोल्यांचे राहते घर माझ्या पश्चात पत्नीचे. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना समसमान. बँकेतली शिल्लकही तशीच. तिच्यावरून भांडू नये, भांडण्याइतकी ती नाहीच.

कलम २. माझे स्टॉपवॉच. याची हकिगत सांगणे भाग आहे. लग्नानंतर लवकरच पत्नीच्या लक्षात आले की मी ढाराढूर झोपतो, घोरतो आणि मध्येच माझा श्वास थांबतो. एका रविवारी दुपारी तिने हेच स्टॉपवॉच लावले आणि मला हलवून उठवले.

"अहो, बेचाळीस सेकंद तुम्ही श्वासच घेतला नाही!"

"बघ! मास्तर झोपेतही सराव करतो," मी म्हणालो.

तलावावर महिनाभर मी ही फुशारकी मारली. ती मात्र चाळीस वर्षे अर्धवट जागी राहिली. श्वास अडला की म्हणायची, "कुशीवर व्हा." मी न उठता वळायचो.

मला स्वप्न नेहमी एकच पडायचे. मी तलावाच्या तळाशी निळ्या फरशीवर बसलेला, वर उजेड हलतो आहे, मुलांचे पाय संथ चालले आहेत, आणि मला वर जायची मुळीच घाई नाही. फार सुख वाटायचे. तेव्हा मेंदूला हवा पुरत नव्हती, हे साठी उलटल्यावर कळले. डॉक्टरीणबाई म्हणतात, "यामुळेच हा विसरण्याचा आजार झाला, असं शपथेवर नाही सांगता येणार, मास्तर. पण झोपेत श्वास अडणाऱ्यांना हा धोका जास्त असल्याचं दिसून आलंय." झोपेत नाकातोंडाला लावून हवा पुरवणारे मुखवट्याचे यंत्र त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच घ्यायला लावले होते. 'ही सोंड मी लावणार नाही,' म्हणून मी ते कपाटावर टाकले.

तर स्टॉपवॉच सूनबाईला. मुलाला नव्हे. मुलगा शाळेची बस चालवतो. परवा सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, ह्यांचाही श्वास थांबतो. सिग्नलला डुलकी लागते म्हणतात." मुला, बापाची गादी चालवायची ती जागेपणी, झोपेतली नको. झोपेची तपासणी केल्याशिवाय घरातला वाटा तुला मिळणार नाही. अशी अट टिकायची नाही, असे वकील म्हणतात. न टिको, पण बापाने भीतीपोटी लिहिली आहे, एवढे लक्षात ठेव.

कलम ३. शेजारचा शिंपी. "मास्तर, तुमच्या घोरण्याने नाही, ते थांबतं तेव्हा आम्हाला जाग येते," असे तो म्हणाला आणि मला झोंबले. बावीस वर्षे अबोला धरला. तो आज साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून नुसती माफी मागतो.

कलम ४. पत्नीस. तुझी झोप मी उडवली, ती कुठल्याच कलमात बसत नाही. आता मी सोंड लावतो, तू निवांत झोपत जा. पुढे कधी तुझे नावही माझ्या तोंडी येणार नाही. त्या दिवशी मी कोण, तू कोण, हे मला विचारत बसू नकोस. शेजारी येऊन नुसते "कुशीवर व्हा" म्हण. मी तुझ्याकडे वळेन.

ठिकाण: घरचे जेवणाचे टेबल
तारीख: सतरा, रविवार (हिला विचारून लिहिली)
सही: मास्तर

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी. माफी पोचली. संध्याकाळी चहाला या.
२. डॉक्टरीणबाई. लिहिणारे आज पूर्ण शुद्धीवर आहेत. घड्याळ पुन्हा काढायला लावले नाही, गरज वाटली नाही.