पहिलं पाणी पांढऱ्याला

माय, अजून दिसतं मला, विहिरीवरून आणलेल्या पहिल्या बादलीत तू तुझं पांढरं पातळ भिजवते आहेस आणि मी माझा लाल परकर त्यातच बुडवायला निघाले आहे. तू माझं मनगट धरतेस. "पह्यलं पानी पांढऱ्याले. कितीदा सांगू तुले?" पौर्णिमेची सकाळ होती. मी विचारलं, "बाबा तं हाये, मंग तू पांढरं काहून नेसते?" तू हसलीस. "हे सुतकाचं नाही, बाई. विहारातल्या वंदनेचं हाये."

लग्न होऊन राजुरला आले, तर इथं धुण्याची तऱ्हाच निराळी. ह्यांचे कोळशाच्या खाणीतले कपडे साध्या पाण्यात तीनदा खळबळले तरी पाणी काळंच. पण पहिली बादली मी पांढऱ्यालाच ठेवली. हे चिडवायचे, "तुह्या पातळाले माह्या शर्टाचा वारा तरी चालते का?" कपडे साबणात भिजेपर्यंत साबणाच्या कागदावरची अक्षरं लावत बसायची मी. तशीच वाचायला शिकले, मग लिहायला. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र कुठं धाडायचं नाही. नुसतं लिहिते आहे.

हे जाऊन दोन वर्षं झाली. आता धुण्याचं पाणी काळं होत नाही. तरी सवयीनं दुसऱ्यांदा बादली भरते, मग ओतून देते. दर पौर्णिमेच्या आधी पांढरं पातळ धुते, नीळ देते, वाळवते आणि घडी करून पेटीत ठेवते. विहारात जाताना नेसते ते रंगीत. परवा पातळ तारेवर होतं, तेव्हा समोर नव्यानं राहायला आलेली बाई म्हणाली, "आता पांढरंच नेसता वाटते, काकू? नशीब बाई एकेकाचं." बोलली मायेनंच. तुझं उत्तर मला पाठ होतं. तरी ओलंच पातळ ओढून आत आणलं. हे असताना ते वंदनेचं होतं. आता माझ्या अंगावर ते कशाचं, हे ती ठरवून मोकळी झाली होती, आणि मलाही नक्की सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पातळाला कुबट वास आला होता म्हणून पुन्हा धुतलं आणि काठ दमट असतानाच नेसून विहारात गेले. खरं सांगते, जाताना तिचं दार चुकवून मागच्या गल्लीनं गेले. येताना सरळ तिच्या दारावरून आले.