घरच्या फाइलीतला जुना पत्ता

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या व्हर्नाचा नमस्कार. प्रभूच्या कृपेने आम्ही इथे फार्गोत बरे आहोत. तुझे गुडघे आणि कोंबड्या कशा आहेत? मला मात्र कालपासून घास उतरत नाही.

जावयाने (डेल तसा चांगला आहे, हात सैल आहे) टाकायला काढलेला संगणक मी ठेवून घेतला आणि त्याच्याकडूनच त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून घेतलं, कारण ते फुकट मिळतं. पण आपल्या गावच्या चर्चचं पान उघडायला जावं तर नाव सापडत नाही म्हणे. डेल म्हणाला, "आई, यंत्राला नाव कळत नाही, आकडा लागतो. तो सांगणारा तुमचा सर्व्हर झोपा काढतोय. दुसऱ्या सर्व्हरला विचारायला सांगू." मी हायस्कूलपर्यंतच शिकलेली, पण वाचता येतं. बाहेर विचारण्याआधी यंत्र घरच्याच एका फाइलीत बघतं. मग रोज परक्याच्या दारात कशाला जायचं? चर्चचा आकडा मी त्या फाइलीतच लिहिला. डेल म्हणाला, "असं करत नाहीत, आई." म्हटलं, "चालतंय ना? मग झालं."

गेल्या महिन्यात पाद्रीबुवांनी पान दुसरीकडे हलवलं. नवा आकडा जगाला कळला. माझं यंत्र जगाला विचारतच नव्हतं. जुनं पान जुन्या जागी तसंच होतं, आणि मी रोज त्यावरची प्रार्थनेची यादी वाचून गुडघे टेकत होते. पहिलं नाव ऑर्विलचं, खुब्याचं ऑपरेशन. सोमवारी त्याला कार्ड टाकलं: "ऑर्विल, देव तुला लवकरच उठवणार आहे. तयारीत राहा."

काल आमच्या लेकीने, इन्ग्रिडने, तेच पान तिच्या फोनवर उघडलं. त्यात ऑर्विलच्या बायकोच्या, मर्नाच्या सांत्वनासाठी प्रार्थना होती. ऑर्विलला जाऊन सोळा दिवस झाले. (मी वाचलं असेल असं तूही धरून चाललीस ना?) मी फाइलीतली ती आकड्याची ओळ पुसली, डेलचं ऐकलं, आता सगळं नीट उघडतं. पण कार्ड काही पुसता येत नाही.

तुझी,
व्हर्ना

ता. क. इन्ग्रिड आज तिकडेच येतेय, म्हणून हे तिच्या हाती. मर्नाची टपालपेटी तुझ्या पेटीच्याच खांबावर आहे. टपाल अकराला येतं. माझ्या कार्डाचं निळं पाकीट तेवढं काढून घे. दुसऱ्याचं टपाल उचलणं गुन्हा आहे आणि पापही, पण तुला मोतीबिंदू आहे, चुकून उचललं म्हणता येईल. पापाचं मी देवाशी बोलते.

आणखी एक. कार्डं डझनाच्या खोक्यात स्वस्त पडली, म्हणून यादीतल्या बाकीच्या अकराही जणांना तोच मजकूर गेला आहे. नव्या यादीत त्यातली पाच नावं नाहीत. बरे झाले की कसं, तेवढं कळव.