पिस्ता रंगाच्या गाडीमागची रांग

सोमवार, ३ मार्च
पुन्हा पादचारी पुलावर! हातात स्पीडगन, डोक्यावर ऊन. खालचे ड्रायव्हर मला पोलीस समजून ब्रेक मारतायत. म्हणजे गाड्यांचा वेग का बदलतो हे शोधायला मी आले, आणि पहिलं कारण मीच! चमकतं जाकीट काढून पिशवीत कोंबलं. लगेच सगळे सुसाट.

आमच्या रस्ते खात्यातले साहेब म्हणाले, "संध्याकाळी रस्ता का तुंबतो ते शोधा. नाहीतर लेन वाढवतील, आणि शेजारच्या शाळेचं मैदान जाईल."

मंगळवार, ४ मार्च
कारणं ढीगभर. चढ आला की ट्रक धापा टाकतो. पेट्रोल पंपातून कोणीतरी मुसंडी मारून घुसतो. डोळ्यांवर तिरीप येते. एक जण फोनवर भांडत होता — पलीकडची बोलली की गाडी हळू, हा बोलला की जोरात! पण या सगळ्यांमुळे लागलेली रांग फुटते. संध्याकाळची फुटत नाही.

गुरुवार, ६ मार्च
सापडली! जलद लेनमधून एकच गाडी रमतगमत चाललेली. मागच्याने ब्रेक मारला, त्याच्या मागच्याने जरा जास्त, त्याच्याही मागच्याने करकचून. ती गाडी केव्हाच पुढे गेली, तरी मागे सगळे अडकलेलेच.

पिस्ता रंग. मागच्या काचेला चीर. आमचीच की! बाबा!!

शेजारी कोणीतरी बाई. मोठा काळा गॉगल, बाकी काच नुसती चकाकत होती.

शुक्रवार, ७ मार्च
जाताना बाबा नव्वदने. येताना, बाईसकट, पस्तीसने!

जेवताना विचारलं, "दुपारनंतर काय करता हल्ली?"
"झोपतो."
खोटारडे! रिटायर झालेला लिफ्ट मेकॅनिक, आणि रोज इस्त्रीचा शर्ट?

साहेबांना काय सांगू — रांगेचं कारण आमच्या घरात राहतं?

शनिवार, ८ मार्च
आईला फोन लावला. बारा वर्षं वेगळी राहते, दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. बाबांचं नाव काढलं की भडकते. म्हटलं, बघू गंमत.

"आई, बाबांनी कोणीतरी गटवलीये!"
"दिसायला कशी आहे?"
"ठीकठाक."
"ठीकठाक?" केवढ्यांदा ओरडली! कानठळ्या बसल्या.

सोमवार, १० मार्च
आज पुलावर गेलेच नाही. पेट्रोल पंपावर दबा धरून बसले. पिस्ता गाडी आली, पेट्रोलला थांबली. मी काचेवर टकटक केलं. बाईने गॉगल काढला.

आई!!

"ठीकठाक काय गं?" हेच पहिलं वाक्य.

मला हसू आवरेना. बाबा स्टिअरिंगकडे बघत बसलेले. म्हटलं, "अहो, एवढं हळू का चालवता?"
"जोरात गेलं तर हिचं घर लगेच येतं."
"तुमच्यापायी पोरांचं मैदान चाललंय!"
"मग काय करू?"
"एकाच घरात राहा की! आणि तोवर डावीकडच्या लेनमधून चालवा."
आईने गॉगल पुन्हा चढवला. लाजली बहुतेक.

सोमवार, १७ मार्च
रस्ता मोकळा. पिस्ता गाडी ऐंशीने गेली. दोघांना आता घरी पोचायची घाई. मैदान वाचलं, साहेब खूश.

बाबा काल बॅग घेऊन आईकडे राहायला गेले. आज घरचं कुलूप मी उघडलं. किती वर्षांत पहिल्यांदाच. किल्ली कुठल्या बाजूला फिरते, तेच आठवेना.